‘सायरन वेन्ट ऑफ’ म्हणजे वाजला का बंद पडला?

वावरवाला, दारव्हा

राजेहो, मी कास्तकार माणूस. दहावी मराठी मीडियम, इंग्रजीत पस्तीस मार्क, तेही तपासणाऱ्याच्या कृपेनं. तुम्ही म्हणाल याले इंग्रजी शब्दाची काय पडली. पडली, कारण त्या एका शब्दापायी माझी धुऱ्याकडची (बांधाकडची) दहा तासं, म्हणजे दहा ओळी, हरबरा डुकरायनं उकरून टाकला. मी बोलतो तसंच लिहितो, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गोष्ट अशी. माझं वावर नाल्याच्या पलीकडं. तिथून पुढं जंगलच लागते. रोही (नीलगाय) दिवसाढवळ्या येते, डुक्कर रात्री. म्हणून दोन वर्षांमागं झटका मशीन बसवली. बारा व्होल्टची बॅटरी, वर सोलरची प्लेट, चौफेर तार, अन् तारेले काही धडकलं का सायरन. तरी जागल, म्हणजे रातची राखण, करावीच लागते. नवीन होता तोवर सायरनले डुक्कर भ्यायचं. आता त्यालेही समजलं का हा नुसता बोंबलते. माणूस उठून ओरडला तरच पळते.

संक्रांतीच्या वक्ताले भाचा आला पुण्याहून. कॉम्प्युटरचं काम आहे त्याचं. म्हणे, “मामा, आय ॲम ऑफ फॉर सम टाइम, राहतो थोडे दिवस.” मी म्हणलं राह्य बाप्पा, तुह्या आजीले बरं वाटन. दोन दिवसांनं त्याले जागलीची हौस आली. मले तं तेच पाहिजे होतं, थंडी अशी होती का खाटेवरून पाय खाली टाकू वाटत नव्हता. त्याले कोठ्यातली खाट देली, दोन गोधड्या, टॉर्च, अन् बजावून सांगितलं का काही झालं तं मले फोन कर.

आता हे आजकालचे पोट्टे फोन करत नाई. मेसेज करते. रात्री दोन वाजता माझा मोबाइल टुणकन वाजला. डोळे चोळत पाह्यलं तं इंग्रजीत लिहेल होतं, “मामा, सायरन वेन्ट ऑफ. व्हॉट टू डू?”

मी आपला विचार केला. ऑफ म्हणजे बंद. बॅटरी उतरली असन. रात्री दोनले बॅटरीचं मी काय करू? लिहिलं, “राहू दे. सकाळी पाहू. झोप.” त्यानं अंगठा पाठवला. तोही झोपला, मीही झोपलो.

सकाळी जाऊन पाहतो तं तार दोन ठिकाणी तुटेल, अन् धुऱ्याच्या अंगानं हरबरा असा उकरेल जसा कोणी रात्रीतून वखर हाणला. भाच्यावर तोंड सोडलं. तो म्हणे, “मामा, मी तर सांगितलं सायरन वाजला म्हणून. तुम्हीच म्हणालात झोप.” मी म्हणलं, तू लिहिलं ऑफ! तो म्हणे, ऑफ म्हणजेच वाजला! त्याच्या मामीनं दोघायच्या मधात चहा आणून ठेवला म्हणून थांबलो.

घरी माझी पोरगी नववीत आहे. तिनं डिक्शनरी काढून वाचून दाखवलं. ‘गो ऑफ’चे अर्थ ऐका: गजर वाजणे. बॉम्ब फुटणे. दिवा जाणे. दूध नासणे. निघून जाणे. एखादी गोष्ट आवडेनाशी होणे. डोळा लागणे. म्हणजे सायरन वाजला तरी ऑफ, अन् सायरन ऐकून उठाचं ते माणूस झोपलं तरी ऑफ!

आमच्या गावात ऑफचा अर्थ एकच. मोटर ऑफ, टीव्ही ऑफ, मूड ऑफ, शाळेत ऑफ पिरेड. माणूस वारला तरी ‘ऑफ झाला’ म्हणते लोक. उद्या एखादा इंग्रज गावात आला अन् कोणी त्याले सांगितलं का आजोबा ऑफ झाले, तं तो म्हणन, मोठा आवाज झाला का?

तं माझा प्रश्न साधा आहे. या शब्दाच्या मागं काही नियम आहे का, का नुसतं पाठच कराचं? पोरीलेही समजून सांगाचं आहे, अन् भाच्याशी माझी पैजही लागली आहे.

टेनिसबॉल, पुलगाव

काका, दहा तासं गेली त्याचं वाईट वाटलं, पण हसू आवरलं नाही. नियम-बियम काही नाही हो. ‘टेल ऑफ’ म्हणजे झापणं, ‘शो ऑफ’ म्हणजे शायनिंग मारणं, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणं. यात कुठं आला नियम? मी तर एवढी वर्षं क्रिकेट खेळतो, ऑफ साइडला ऑफ का म्हणतात तेही कोणी सांगितलं नाही. आमच्या गावच्या मैदानात ऑफ साइडला विहीर आहे म्हणून मी ती बाजू बंदच समजतो.

अभ्यासिकेतला, अमरावती

एमपीएससीचा अभ्यास सोडून यावर वेळ घालवतोय, पण विषयच असा आहे.

आधी एक गोष्ट. दोन एफचा ‘ऑफ’ आणि एका एफचा ‘ऑव्ह’ (‘राजाचा’, ‘गावचा’ मधला) हे मुळात एकच शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पासून दूर’. जोर देऊन उच्चारला की एक रूप, ओझरता उच्चारला की दुसरं. दोघांची स्पेलिंगं आणि कामं पक्की वेगळी व्हायला सतरावं शतक उजाडलं. म्हणजे भाऊ वेगळे निघाले, पण सातबारा बराच काळ एकच होता.

दुसरं, क्रिकेटचं. घोड्यावर माणूस डावीकडून चढतो. म्हणून घोड्याची डावी बाजू ती ‘निअर’, जवळची, आणि उजवी ती ‘ऑफ’, लांबची. गाडीला जुंपलेल्या जोडीतला उजवा घोडा तो ऑफचा घोडा. तिकडे इंग्लंडात मोटारीच्या उजव्या बाजूला अजूनही ऑफसाइड म्हणतात. क्रिकेटमधला ऑफही तिथूनच आला असं सांगतात: उजव्या हातानं खेळणारा आडवा उभा राहतो, तेव्हा त्याच्या पायांपासून लांबची बाजू ती ऑफ. डावखुरा आला की बाजू पालटते. त्यामुळे पुलगावच्या विहिरीचा दोष ऑफवर टाकू नका, डावखुऱ्याला ती लेगला लागेल.

आणि ऑफचं कौतुक फार करू नका, त्याच्याहून मोठे गडी आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती, ४३० अर्थ. पुढे २०११मध्ये ‘रन’नं त्याला मागं टाकलं. नुसत्या ‘रन’ क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाला त्या एका शब्दाला नऊ महिने लागले. या कोशाचं कामच तसं. जेम्स मरे १८७९मध्ये संपादक झाले, १९१५मध्ये वारले, आणि पहिली आवृत्ती पूर्ण झाली १९२८मध्ये.

वावरवाला, दारव्हा

नऊ महिने म्हणजे आमची गाय वेते तेवढ्यात. अन् १८७९ पासून १९२८ म्हणजे आमच्याकडच्या धरणाचं काम वाटते. पण त्यायचं पूर्ण तरी झालं.

घोड्याचं पटलं भाऊ. आमच्या बैलजोडीतही तसंच. डाव्या अंगाचा बैल उजव्या अंगाले जुपून पाहा, एक तास सरळ जाणार नाई. म्हणजे माझा उजवा बैल तो ऑफचा. त्याले आजच सांगतो.

पण बाप्पा, माझा सायरन तसाच राहिला. वाजला तं ऑफ काऊन?

निवृत्त बाई, आर्वी

भाऊ, मी ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. तुमची चूक माझ्या वर्गात दरवर्षी व्हायची. ‘द गन वेन्ट ऑफ’चं भाषांतर मुलं करायची ‘बंदूक बंद पडली’. मी लाल शाईनं खोडायची आणि सांगायची, पाठ करा. विचारलंच एखाद्यानं, का हो बाई, तर माझ्याकडे उत्तर नसायचं. आणि हो, पाठ न करणाऱ्याला मी उभं करायची. आज त्याची लाज वाटते.

उत्तर सापडलं ते निवृत्तीच्या आदल्या वर्षी, आर्वीच्या बसस्थानकावर. शाळा सुटली होती. मी धावत आले तर गाडी सुटली होती. समोर कापडाच्या दुकानावर पाटी होती, २० टक्के सूट. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी बाकड्यावर बसून मनात इंग्रजी करत गेले आणि बसल्याजागी चमकले. वीस टक्के सूट, म्हणजे वीस टक्के ऑफ. सुट्टीचा दिवस, डे ऑफ. गाडी सुटली, सेट ऑफ. शर्टाचं बटन सुटलं, केम ऑफ. पोलिसांनी ताकीद देऊन सोडलं, लेट ऑफ. आणि बंदुकीची गोळी? गोळी सुटते! आपण कधी ‘गोळी चालू झाली’ म्हणतो का?

एवढी वर्षं मी ऑफचा अर्थ ‘बंद’ धरून बसले होते, कारण घरात सगळ्यात जास्त तो शब्द बटनांवरच दिसतो. खरा अर्थ ‘सुटा’. चिकटलेलं, अडकलेलं, धरलेलं जे होतं ते वेगळं झालं. जुन्या किल्लीच्या गजराच्या घड्याळात एक कळ अडकवलेली असायची. वेळ झाली की ती सुटायची आणि हातोडी घंटीवर बडवायला लागायची. उंदराच्या पिंजऱ्याचा चाप सुटतो तसं. तुमचा सायरनही तारेला धक्का लागेपर्यंत दाबून धरलेला असतो. डुकरानं तो सोडवला. म्हणून ‘वेन्ट ऑफ’.

जिथं सुटणं बसत नाही तिथं ‘उतरणं’ लावून पाहा. बसमधून उतरणं, गेट ऑफ. डोक्यावरची टोपी उतरवणं, टेक ऑफ. दवाखान्यातली भूल उतरणं, वेअर ऑफ. आणि कालची भाजी सकाळी उतरलेली असते, तिला इंग्रज ‘गॉन ऑफ’ म्हणतो. तुम्ही स्वतःच वर लिहिलंत की बॅटरी उतरली असेल. तो ऑफच होता, फक्त चुकीच्या वस्तूला लावलात.

मात्र सगळंच बसतं असं मी सांगणार नाही. ‘वेल ऑफ’ म्हणजे खाऊनपिऊन सुखी, हे कशातही बसवून पाहिलं, बसलं नाही. ‘टेल ऑफ’ आणि ‘शो ऑफ’ला ओढूनताणून नाती जोडता येतील, पण मुलांना मी तसं करू देत नाही. तेवढी पाठ करावी. नोकरीतली ‘ले ऑफ’ मात्र सरळ आहे, कामावरून सुटं करणं. आधी ती तात्पुरती असायची, आता बहुतेक कायमचीच असते.

वावरवाला, दारव्हा

बाई, तुमचं उत्तर पोरीनं घरात मोठ्यानं वाचलं. गोळी सुटली म्हणल्यावर माझी आईसुद्धा ‘हो ना वो’ म्हणली. तिले इंग्रजीचं ए बी सी येत नाई.

पण मी कास्तकार आहे, बेणं पारखल्याशिवाय घेत नाई. मी दिवसभर बारे (पिकाले पाणी) देता देता तुमचा शब्द सगळीकडं लावून पाह्यला. एका ठिकाणी अडला. मोटर ऑफ. मोटर सुटली म्हणलं तं ती चालू झाली असं वाटते, बंद नाई. मंग बटनावरचा ऑफ कुठून आला?

अन् बारे देता देताच दुसरं सुचलं. आपलं ‘सोडणं’ पाहा. कालव्याले पाणी सोडलं म्हणजे पाणी सुरू. तारेत करंट सोडला म्हणजे करंट सुरू. अन् बिडी सोडली म्हणजे बिडी बंद. नोकरी सोडली, नोकरी बंद. एकाच शब्दानं सुरूही होते अन् बंदही. मी जलमभर दोन्ही बोलत आलो, कधी अडखळलो नाई. अन् इंग्रजाच्या ऑफले नावं ठेवून राहिलो होतो.

अजून एक. ‘ऑफ झाला’ हे मेलेल्या माणसाले म्हणते, ते इंग्रजीत आहे का? माझा बाप आठ महिने खाटेवर होता. पाठीले जखमा झाल्या होत्या. गेला तेव्हा आई रडली नाई, नुसती म्हणली, “सुटले.” तुमचं वाचलं अन् तेच आठवलं.

अभ्यासिकेतला, अमरावती

काका, ‘सोडणं’वर मी संध्याकाळपासून वही भरतोय. बाण सोडला, पिच्छा सोडला, उपास सोडला (म्हणजे जेवायला बसला!), साप सोडला, लुगडं भिजत सोडलं. सर्दी झाली तर वाफ घ्यायची, कुकरची शिटी झाली तर वाफ सोडायची. आमच्या खोलीतले तिघं मिळून २३ वापर निघाले, पुढं भांडण झालं म्हणून थांबलो.

निवृत्त बाई, आर्वी

आधी वडिलांबद्दल. माणसाला ‘ऑफ झाला’ म्हणणं हे आपलं, इंग्रज तसं म्हणत नाही. तुमच्या आई म्हणाल्या ते मात्र या सगळ्या चर्चेत सगळ्यात नेमकं आहे.

आता मोटरीचं. वीज येण्याच्या आधी इंग्लंडात नळाचं पाणी होतं, मग वाफेची यंत्रं आली, गॅसचे दिवे आले. ‘टर्न ऑफ’ म्हणजे तोटी फिरवून धार तोडणं. तुम्ही एका सरीचं पाणी तोडून दुसरीला लावता ना, ते. पाणी तुटलं, सरीपासून वेगळं झालं. पुढं विजेचं बटन आलं तेव्हा त्यांनी तोच शब्द उचलला. तेव्हा मोटरीला सुटणं लावू नका, तुटणं लावा. बिल थकलं की लाईन कापतात, तोही ‘कट ऑफ’च.

तुमच्या ‘सोडणं’वरून मला ‘वाढणं’ आठवलं. पोर वाढतं, भाव वाढतात, ताटात भात वाढतात, इथवर ठीक. पण देवापुढं नारळ वाढवतात तो फोडतात. बाईची बांगडी वाढली म्हणजे फुटली. दिवा वाढवला म्हणजे विझवला. जुने दुकानदार रात्री दुकान वाढवायचे, म्हणजे फळ्या लावून घरी जायचे. अशुभ तोंडातून निघू नये म्हणून उलटा शब्द वापरायचा. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो ते त्याच चालीचं. परका माणूस यातलं काय समजेल? इंग्रजीच्या ऑफमागं यंत्र आणि तोटी आहे. आपल्या वाढण्यामागं भीती आहे, आणि थोडी माया.

टेनिसबॉल, पुलगाव

बाई, तुम्ही आमच्या शाळेत असत्या तर मी बारावीला इंग्रजीत उडालो नसतो. ‘उडालो’ पण बघा, विमान उडालं म्हणजे टेक ऑफ आणि मी उडालो म्हणजे नापास.

वावरवाला, दारव्हा

बाई, दिव्याचं लिहिलं अन् घरात हसून हसून पोटात दुखलं, कारण हे आमच्याकडं परवाच घडलं. लाईट गेली होती, कंदील लावेल होता. निजाच्या वक्ताले आई भाच्याले म्हणली, “बाळा, दिवा वाढव अन् झोप.” त्यानं उठून वात मोठी केली. आई म्हणे, “वाढव म्हणलं ना रे.” त्यानं अजून मोठी केली. काच काळीठिक्कर झाली, घरभर काजळी. आजी-नातू दोघंही मराठीच बोलून राहिले होते! तेव्हा आमची पैज बरोबरीत सुटली असं पोरगी म्हणते. म्हणजे इथंही सुटलीच.

एक सांगू का नाई असं चाललं होतं, पण सांगतो, इथं मले कोण ओळखते. तुमची यादी पोरगी मोठ्यानं वाचत होती. ‘ले ऑफ’पाशी आली अन् भाचा उठून अंगणात गेला. मले वाटलं फोन आला असन. बऱ्याच वेळानं पाहतो तं गोठ्यापाशी उभा, उजव्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून.

“आय ॲम ऑफ फॉर सम टाइम” म्हणला होता ना तो आल्यावर. मी ऐकलं सुट्टी. तसं खोटं नव्हता बोलला पोट्टा. नोव्हेंबरात शंभर-दीडशे पोरायले एका दिवशी मेल आला, म्हणे. त्याच्या मायले, म्हणजे माझ्या बहिणीले, अजून सांगितलं नाई. मी काही विचारलं नाई. म्हणलं, चाल, तार बांधाची आहे, पक्कड धर.

चार दिवस झाले, जागलीले तोच जाते. दोन वेळा डुक्कर येऊन गेले, दोन्ही वेळा त्यानं फोन केला. मराठीत.

अभ्यासिकेतला, अमरावती

काका, त्याला सांगा, इथं अभ्यासिकेत आम्ही चाळीस जण बसतो. कोणी पुण्याहून परत आलेला आहे, कोणी गेलाच नाही. एकटा नाही तो. इकडं येणं झालं तर चहा माझ्याकडं.

निवृत्त बाई, आर्वी

बहिणीला त्याचं त्याला सांगू द्या, भाऊ. पण फार दिवस लावू देऊ नका. आईला आधीच कळलेलं असतं.

कापूसवाला, समुद्रपूर

सगळं वाचलं, छान चर्चा. ऑफ टॉपिक विचारतो, राग मानू नका. ती झटका मशीन कशी आहे? माझं तीन एकर हरभरा आणि दोन एकर तूर उभी आहे, रोही शेंडे ठेवत नाही. शेजारी म्हणतो मशीन कशाला, सरळ मोटरीच्या लाईनीतून तार जोड. खर्च काहीच नाही.

वावरवाला, दारव्हा

भाऊ, शेजाऱ्याचं बिलकूल ऐकू नका. मोटरीच्या लाईनीचा करंट तारेत सोडला तं डुक्कर मरन का नाई माहीत नाई, पण पहाटे धुऱ्यावरून जाणारं माणूस मरन. तुमचंच लेकरू असू शकते ते. अन् तो गुन्हा आहे, जेलात जासान. असे जीव गेलेले आपल्याकडं दरसाल ऐकतो आपण. झटका मशीनचं वेगळं आहे. ती बॅटरीवर चालते अन् करंट धरून ठेवत नाई. सेकंद-सव्वा सेकंदानं एकेक ठोका देते, क्षणभराचा. जनावर दचकून मांगं सरते, चिकटत नाई.

दोन गोष्टी पाहून घ्या. तारेखाली गवत वाढू देऊ नका, ओलं गवत लागलं का ठोका जमिनीत जाते अन् मशीन नुसती टिकटिक करते. अन् अर्थिंगचा रॉड ओलीच्या जागी ठोका. उन्हाळ्यात त्याच्यापाशी बालटीभर पाणी टाकत जा. माझी तार त्या रात्री तुटली ती दोन खुटं सडेल होते म्हणून. बांबूचे होते, आता बोरीचे ठोकले.

अन् सायरन काढून टाकला. भाच्यानं जुना मोबाइल अन् कोठ्यातला भोंगा जोडून काहीतरी केलं. आता तारेले धक्का लागला का भोंग्यातून त्याच्याच आवाजात निघते: “हाऽऽड! हाऽऽड! ओ मामा, उठा, डुक्करं आली!” काल रात्री पहिल्यांदा वाजलं. डुक्कर पळालं, अन् शेजारच्या वावरातला म्हातारा काठी घेऊन धावत आला, का कोणाच्या मामाले काय झालं म्हणून.